चॅन्सेलला गाभारा म्हणावं का?

सांजवात: एका अनुवादात अडकले आहे. यॉर्कशरमधलं खेडं, 1850 चं दशक, नव्याने बांधलेलं चर्च, दीड पान वर्णन. लोक बसतात तो मधला भाग नेव्ह, त्याच्या कडेचे आइल, वेदीकडचा चॅन्सेल. मी नेव्हला सभामंडप, आइलला पडवी आणि चॅन्सेलला गाभारा केलं. संपादकांनी तिन्हींखाली लाल रेघ ओढून समासात लिहिलं, ‘हे चर्च आहे की ओंकारेश्वर?’ सभामंडप सोडायला तयार आहे, गाभारा सोडवत नाही.

गवंड्याचा नातू: गाभारा चुकलाच. गाभारा म्हणजे अंधार, एक समई, आणि सोवळ्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. चॅन्सेलमध्ये दोन्ही बाजूंच्या बाकांवर गाणारी मंडळी बसतात. सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये असतं ते अंतराळ जास्त जवळचं. गाभारा म्हणायचाच तर फक्त वेदीपाशी.

ताकभात: ‘अंतराळात मुलं गात होती’ असं छापा म्हणजे झालं! सरळ चॅन्सेल लिहा हो. टेबल, स्टेशन पचवलं, हेही पचेल.

नर्मदेतला गोटा: पचण्याचा प्रश्नच नाही. शब्द आला लॅटिनमधल्या जाळीच्या कठड्यावरून. अलीकडे लोक, पलीकडे पाद्री. मधल्या काळात हे भान सैल झालं होतं. 1839 मध्ये निघालेल्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीने हट्टच धरला, की चॅन्सेल वेगळं, खोल आणि पायऱ्या चढून जायचं असलंच पाहिजे. पोरांनी विद्यापीठात काढलेली संस्था, पण तिच्या धाकाने खेड्यापाड्यांतल्या चर्चचे नकाशे बदलले. ‘आत कुणी जायचं’ हा सवाल मूळ शब्दातच आहे. ताई, गाभारा ठेवा.

कुपारी: आमच्या वसईत चर्चला देऊळच म्हणतात. आजी रविवारी ‘देवळात जाते’ म्हणूनच निघायची. देऊळ चालतं तर गाभाऱ्याने काय बाटणार आहे? तरी खरं सांगायचं तर गाभारा आम्ही म्हणत नाही, ‘वेदीकडे’ म्हणतो. पॅरिशचं काय केलंत?

सांजवात: ‘गावचं चर्च’.

कुपारी: अरेरे. पॅरिश म्हणजे धर्मग्राम, एका चर्चच्या हाताखालचा इलाखा. गाव आणि धर्मग्राम एक नव्हे. गोव्यात फिर्गज म्हणतात, तेही गावाला नाही.

जांभा: पडवीवर लाल रेघ मारणाऱ्याने कौलारू घर पाहिलेलं नाही. मुख्य भिंतीबाहेरचा बुटका भाग, वर एकीकडे उतरतं छप्पर. काही चर्चमध्ये तर नेव्हचंच छप्पर न मोडता आइलवर उतरतं, थेट आमच्या गुहागरच्या घरासारखं. आणि गंमत बघा, आइलच्या मुळाशी लॅटिनमधला पंख आहे. आपण छपराच्या उताराला पाख म्हणतो, तोही पक्षावरूनच.

ताकभात: म्हणजे नवरी पडवीतून येते?

जांभा: नवरी नेव्हच्या मधून येते. बाकांमधल्या वाटेला आइल म्हणायची सवय इंग्रजांचीच.

ताकभात: त्यांनी केली तर रूढी, आम्ही केलं तर अज्ञान. छान.

नर्मदेतला गोटा: नेव्ह आणि आपली नाव याही बहिणीच बरं का. आत उभं राहून लाकडी छप्पर बघा, होडी पालथी घातल्यासारखं दिसतं.

गवंड्याचा नातू: बट्रेस आला असेल तर ‘धिरा’ लिहा. एका पावसाळ्यात आमच्या मागच्या भिंतीने पोट काढलं. आजोबांनी बाहेरून धिरा बांधला, तळाशी दोन हात रुंद, वर निमुळता. टप्प्यावर उतरती चीप बसवली, पाणी भिंतीत न मुरता ओघळून जावं म्हणून. पुढे कुलाब्याचं अफगाण चर्च पाहिलं तर तीच उतरती चीप!

नर्मदेतला गोटा: त्या चर्चच्या आतल्या फरश्या आणि वेदीमागची सजावट इंग्रज वास्तुकार विल्यम बटरफिल्डची. सांजवात, तुमच्या यॉर्कशरमध्ये बॉल्डर्सबी सेंट जेम्स नावाचं खेडं आहे. एका जमीनदारासाठी बटरफिल्डने तिथे चर्च, शाळा, पाद्र्याचं घर, मजुरांची घरं असं सगळंच आखलं. दफनभूमीचं छपरी फाटकसुद्धा.

सांजवात: ते लिचगेट माझ्याकडेही आहे! मी ‘देवडी’ केलंय.

नर्मदेतला गोटा: देवडीत पहारेकरी बसतो. लिच म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. पाद्री सामोरा येईपर्यंत शवपेटी त्या छपराखाली टेकवत.

जांभा: मग तो विसावाच की! वाटेत तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी जागा बदलतात, ती जागा.

गवंड्याचा नातू: विसाव्याला छप्पर कुठे असतं? नुसता दगड असतो.

जांभा: तिथे पाऊस जास्त.

कुपारी: तो काय कोकणापेक्षा जास्त?

सांजवात: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. गाभाऱ्याचं काय?

ताकभात: थांबा हो. आमच्या इमारतीचं नाव ‘विसावा’ आहे. चौथ्या मजल्यावर राहतो मी.