विल्यम वायलर यांची सही नेमकी कुठे आहे?

रीळबंद :

विल्यम वायलर यांना उत्कृष्ट दिग्दर्शनासाठी ऑस्करची १२ नामांकने मिळाली, आणि हा विक्रम आजतागायत कुणी मोडलेला नाही. 'मिसेस मिनिव्हर' (१९४२), 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) आणि 'बेन-हर' (१९५९) या तीन चित्रपटांसाठी त्यांना तो पुरस्कार मिळाला, आणि तिन्ही वेळा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही त्याच चित्रपटांकडे गेला. असे असूनही चार रसिक जमले की फोर्ड, हॉक्स, हिचकॉक या दिग्दर्शकांवर रात्र सरते आणि वायलर यांचे नाव निघालेच तर 'रोमन हॉलिडे'पुरते निघते. हा अन्याय आहे असे मला पूर्वी वाटत असे. आता वाटत नाही, आणि तेच मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

माझे म्हणणे असे की वायलर हे हॉलिवूडच्या सुवर्णकाळातले सर्वांत कुशल कारागीर होते, पण कलावंत म्हणून त्यांचा स्वतःचा असा चेहरा, चित्रपटावर उमटणारी स्वतःची अशी सही नव्हती. श्रेयनामावली झाकून फोर्ड यांचा चित्रपट दाखवला तर दहा मिनिटांत ओळखता येतो. 'जेझबेल', 'रोमन हॉलिडे', 'बेन-हर' आणि 'फनी गर्ल' हे चार चित्रपट असेच दाखवले, तर ते एकाच माणसाचे आहेत हे कोण सांगू शकेल? 'बेन-हर'मधली ज्यासाठी लोक तो चित्रपट पाहतात ती रथांची शर्यत अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कानूट यांनी चित्रित केली. ज्या खोल चौकटींसाठी, म्हणजे जवळचे आणि दूरचे दोन्ही सारखेच स्पष्ट दिसणाऱ्या दृश्यांसाठी, समीक्षक वायलर यांना नावाजतात त्या छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांच्या, ज्यांनी १९४१ चा 'सिटिझन केन'ही टिपला. कथा बहुधा गाजलेल्या नाटक-कादंबऱ्यांच्या, आणि पैसा व शेवटचा शब्द निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांचा. एवढी वजाबाकी केल्यावर बाकी काय उरते? समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात वायलर यांना 'दिसतात त्याहून कमी' अशा अर्थाच्या वर्गात टाकले, तेव्हा ते फार चुकले असे मला वाटत नाही.

तिसरी घंटा :

तुमची वजाबाकी आकर्षक आहे, परंतु ती कोणत्याही दिग्दर्शकावर लावली तरी हाती शून्यच येईल, कारण चित्रपट हा एकट्याने करायचा उद्योगच नव्हे. मी काही वर्षे हौशी रंगभूमीवर नाटके बसवली आहेत, त्यामुळे मी या प्रश्नाकडे नटांच्या हालचालींच्या बाजूने पाहतो, आणि तिथे वायलर मला पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतात.

'द लिटल फॉक्सेस' (१९४१) मधला तो प्रसंग आठवा. हृदयविकाराने खंगलेला होरेस औषधाची बाटली हातून पडताच दुसरी बाटली माडीवरून आणण्याची पत्नीला विनवणी करतो. रेजिना, म्हणजे बेटी डेव्हिस, जागची हलत नाही. तो कसाबसा उठतो, भिंतीचा आधार घेत तिच्या मागून जातो आणि जिन्यावर कोसळतो. कॅमेरा या सगळ्या वेळात रेजिनाच्या चेहऱ्यावरून हटत नाही, आणि मागे मरणारा माणूस धूसरच राहतो. दुसऱ्या कुणीही तिथे तीन शॉट घेतले असते: धडपडणारा नवरा, थिजलेली बायको, आणि पुन्हा नवरा. वायलर यांनी तोडले नाही, कारण या प्रसंगातली खरी घटना जिन्यावर घडतच नाही. ती खुर्चीत घडते, आणि ती घटना म्हणजे न हलणे. खोल चौकटीसाठी प्रसिद्ध असलेल्या टोलंड यांच्याकडून ऐन मोक्याच्या क्षणी मागचे दृश्य अस्पष्ट ठेवून घेणारा माणूस त्यांच्या भिंगावर अवलंबून होता असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी १९४८ मध्ये वायलर यांच्यावर जो दीर्घ लेख लिहिला, त्यातही हे दृश्य मध्यवर्ती आहे.

आणि टोलंड १९४८ मध्ये वारले. त्यानंतरचा 'द एअरेस' (१९४९) लिओ टोव्हर यांनी टिपलेला आहे. तो पाहा आणि मग सांगा की जिने, दारे आणि माणसांमधली अंतरे ही सारी टोलंड यांची देणगी होती.

अनुस्वार :

मी रीळबंद यांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. वायलर यांच्या पद्धतीला दिग्दर्शन म्हणावे का, हाच मुळात प्रश्न आहे. 'जेझबेल'च्या चित्रीकरणात घोड्यावरून उतरून आलेल्या बेटी डेव्हिसला हातातल्या छडीने झग्याचा घोळ उचलत घरात शिरायचे होते; तेवढ्या एका हालचालीचे त्यांनी ४० हून अधिक टेक घेतले. काय चुकते आहे हे नटाला सांगायचे नाही, फक्त 'पुन्हा' म्हणायचे, असा त्यांचा लौकिक होता आणि त्यावरून त्यांना टोपणनावेही पडली होती. नट थकला, चिडला, त्याचे ठरवून आणलेले सगळे हावभाव झडून गेले की उरेल ते घ्यायचे. यात दृष्टी कुठे आहे? ही तर गिरणीतली पॉलिश झाली. तांदूळ पांढराशुभ्र निघतो, यात शंकाच नाही.

तिसरी घंटा :

गिरणीची उपमा चांगली आहे, म्हणून तीच पुढे नेतो: या गिरणीतून तांदूळ निघाला तो प्रत्येक वेळी वेगळ्या वाणाचा कसा? बेटी डेव्हिस, ग्रीअर गार्सन, ऑलिव्हिया डी हॅविलंड, ऑड्री हेपबर्न, बार्ब्रा स्ट्रायसंड या पाच जणींना प्रमुख अभिनेत्रीचे ऑस्कर वायलर यांच्या चित्रपटांनी मिळवून दिले, आणि त्यांपैकी हेपबर्न आणि स्ट्रायसंड तर हॉलिवूडच्या पडद्यावर प्रमुख भूमिकेत प्रथमच येत होत्या. लॉरेन्स ऑलिव्हिए 'वुदरिंग हाइट्स'च्या (१९३९) सेटवर आले तेव्हा चित्रपट हे माध्यम त्यांना रंगभूमीपुढे क्षुद्र वाटत होते; त्या माध्यमाकडे आदराने पाहायला आपल्याला वायलर यांनी शिकवले, हे त्यांनी पुढे स्वतः कबूल केले आहे. नुसत्या थकव्याने असे मतपरिवर्तन होत नाही.

काय हवे हे न सांगण्याबद्दल एवढेच म्हणेन की तालमीत 'असे कर' म्हणून करून दाखवणारा दिग्दर्शक शेवटी स्वतःचीच नक्कल करून घेतो. मी स्वतः हे केलेले आहे आणि नाटक पडलेले आहे.

रीळबंद :

जिन्याच्या दृश्याविषयी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. होरेसची भूमिका करणारे हर्बर्ट मार्शल यांनी पहिल्या महायुद्धात एक पाय गमावला होता आणि ते कृत्रिम पाय लावून काम करीत. ते चौकटीबाहेर जातात तेव्हा पुढे जिना चढणारी आकृती त्यांच्याऐवजी उभ्या केलेल्या माणसाची आहे. मागचे दृश्य अस्पष्ट असण्यामागे आपण जे सौंदर्यशास्त्र रचतो आहोत, त्याच्या मुळाशी एक साधी अडचण असेल तर?

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. लिलियन हेलमन यांच्या एकाच नाटकावर वायलर यांनी दोनदा चित्रपट केला. १९३६ मध्ये सेन्सॉरच्या नियमांमुळे दोन शिक्षिकांमधल्या समलिंगी संबंधांचा आरोप उच्चारणेही शक्य नव्हते, म्हणून 'दीज थ्री'मध्ये तो एका पुरुषाभोवतीच्या साध्या प्रेमत्रिकोणावर निभावला गेला. १९६१ मध्ये नियम सैल झाले आणि त्यांनी तेच नाटक 'द चिल्ड्रन्स आवर' या मूळ नावाने, मूळ आरोपासह केले. ज्याला स्वतःचे काही म्हणायचे आहे त्याच्यासाठी हा सुवर्णयोग होता: २५ वर्षांनी हात मोकळे झाले होते, गोल्डविन डोक्यावर नव्हते आणि निर्मातेही ते स्वतःच होते. परिणाम काय झाला? बांधलेल्या हातांनी केलेला पहिला चित्रपट आजही धारदार वाटतो आणि मोकळ्या हातांनी केलेला दुसरा दबकत, चाचपडत चालतो. बंधने काढल्यावर ज्याची धार जाते, त्याची धार बंधनांचीच होती असे का म्हणू नये?

जुनी प्रत :

इतका वेळ नुसती वाचत होते, पण एवढ्या चर्चेत १९४६ चा चित्रपट केवळ पुरस्कारांच्या यादीत यावा हे मला पाहवले नाही.

वायलर १९०२ मध्ये तेव्हा जर्मनीत असलेल्या, आता फ्रान्समध्ये असलेल्या म्युलूझ गावी एका ज्यू कुटुंबात जन्मले. युनिव्हर्सल कंपनीचे संस्थापक कार्ल लेम्ली हे आईच्या नात्यातले, त्यांच्यामुळे १९२० मध्ये ते अमेरिकेत आले आणि निरोप्याच्या कामापासून सुरुवात करून दोन रिळांचे घोडेस्वारपट काढू लागले. नात्याने काम मिळाले, हे खरेच आहे. पण हाच माणूस 'मिसेस मिनिव्हर' पूर्ण करून, चाळिशीच्या वयात, वायुदलात गेला आणि बॉम्बफेकी विमानांतून प्रत्यक्ष हल्ल्यांवर जाऊन १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांनी 'द मेम्फिस बेल' (१९४४) घेऊन आला. त्या मोहिमेत त्यांचा ध्वनिमुद्रक हॅरल्ड टॅननबॉम मारला गेला. १९४५ मध्ये विमानाच्या कर्कश आवाजाने वायलर यांची श्रवणशक्ती गेली, आणि एका कानाची ती कधीच परत आली नाही.

आता 'बेस्ट इयर्स' पाहा. युद्धावरून परतलेला मध्यमवयीन अल दाराशी येतो, मुलांच्या तोंडावर हात ठेवतो, आणि आतल्या खोलीतून बायकोचा 'कोण आलंय?' असा आवाज येतो. उत्तर मिळत नाही. त्या शांततेतच तिला कळते. एक लांब बोळ, त्याच्या दोन टोकांना दोन माणसे, आणि मध्ये चार वर्षांचे अंतर. ज्या माणसाला नुकतेच ऐकू येईनासे झाले आहे त्याने उत्तर न मिळण्याचा हा क्षण घडवला, हे माझ्या मनातून जात नाही. समीक्षक दारूच्या गुत्त्यातल्या दृश्याचे कौतुक करतात: पुढे पियानो वाजतो आहे आणि मागे दूर कोपऱ्यात फ्रेड हा परतलेला दुसरा सैनिक टेलिफोनवर आपले प्रेम तोडतो आहे. मला ते दृश्य थोडे हुशारीचे वाटते. बोळातले दृश्य हुशारीचे नाही.

होमर या खलाशाच्या भूमिकेसाठी वायलर यांनी हॅरल्ड रसेल यांना घेतले, ज्यांचे दोन्ही हात लष्करी प्रशिक्षणात स्फोट होऊन गेले होते. रसेल नट नव्हते. झोपण्यापूर्वी होमर हातांच्या जागी लावलेले आपले धातूचे आकडे काढून ठेवतो आणि यापुढे आपण लहान मुलासारखे असहाय असतो हे प्रेयसीला दाखवतो, तिथे वायलर यांनी संगीताने डोळे ओले करण्याची घाई केलेली नाही. त्या आकड्यांचे पट्टे कसे निघतात हे आपल्याला नीट पाहू दिले आहे. रीळबंद, ही सही नसेल तर तुम्ही सही कशाला म्हणता?

अनुस्वार :

'बेस्ट इयर्स'पुढे मी हात टेकतो. मात्र त्या चित्रपटाच्या बळावर वायलर यांना निर्भय माणूस ठरवण्याची जी रीत आहे, तिला माझी हरकत आहे. १९४७ मध्ये हॉलिवूडमधल्या कथित कम्युनिस्टांची चौकशी सुरू झाली तेव्हा जॉन ह्यूस्टन आणि फिलिप डन यांच्यासोबत त्यांनी निषेधाची समिती स्थापन केली, हे भूषणावहच होते. पण १९५६ मध्ये 'फ्रेंडली पर्सुएजन' प्रदर्शित झाला तेव्हा काळ्या यादीतले, म्हणजे अशा संशयावरून काम नाकारले गेलेले, लेखक मायकल विल्सन यांचे नाव श्रेयनामावलीत नव्हते, पटकथाकार म्हणून कुणाचेच नाव नव्हते, आणि निर्माते-दिग्दर्शक वायलर होते. अहिंसेवर श्रद्धा असलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबाची ही कथा दुसऱ्या वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन आली. लेखकाचे नाव मात्र १९९६ मध्ये परत आले, तेव्हा विल्सन यांना जाऊन १८ वर्षे झाली होती.

जुनी प्रत :

हे तुमचे बरोबर आहे, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. तो डाग आहेच. मात्र मी सहीबद्दल लिहिले होते, चारित्र्याच्या दाखल्याबद्दल नव्हे.

तिसरी घंटा :

मार्शल यांच्या पायाचा मुद्दा मला माहीत नव्हता असे नाही, पण तो माझ्याच बाजूचा आहे असे मी समजतो. बदली माणूस वापरायचा तर सोपा मार्ग उघड होता: पाठमोरा शॉट घ्यायचा, जिन्यावर पावले दाखवायची आणि पुन्हा मार्शल यांच्या चेहऱ्यावर यायचे. त्यासाठी दृश्य तोडावे लागले असते, एवढेच. अडचण सर्वांसमोर सारखीच येते. तिच्यातून रेजिनाच्या चेहऱ्यावर थांबण्याचा मार्ग काढणे ही निवड आहे. 'द चिल्ड्रन्स आवर'बद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो फसलेला आहे.

रीळबंद :

काल रात्री 'द एअरेस' पुन्हा पाहिला, तोही तुम्हाला खोडून काढायचे म्हणून. पळून जाऊन लग्न करायचे ठरलेल्या रात्री मॉरिस येत नाही, पहाट होते, आणि कॅथरिन आपली पेटी उचलून जिना चढू लागते. ऑलिव्हिया डी हॅविलंडच्या खांद्यातून त्या पेटीचे वजन दिसते. चित्रपटाच्या शेवटी तोच मॉरिस बंद दारावर धडका मारत असतो आणि ती हातात दिवा घेऊन तोच जिना चढते, या वेळी ताठ मानेने. छायाचित्रकार टोलंड नाहीत, निर्माते गोल्डविन नाहीत, आणि जिना मात्र तोच आहे जो मी 'लिटल फॉक्सेस'मध्ये पाहिला होता.

त्यामुळे टोलंड यांच्याविषयीचे माझे विधान मी मागे घेतो. 'बेन-हर'विषयीचे घेत नाही, कारण त्या २.७६ पट रुंद पडद्यावर ना जिना उभा राहतो ना माणसांमधले अंतर. तिथे अंतर म्हणजे नुसते वाळवंट होते. रुंद पडद्याबद्दल स्वतः वायलरही फारसे खूश नव्हते. तो चित्रपट त्यांनी का स्वीकारला, याविषयी कुणाला पटण्याजोगे काही मांडता आले तर वाचायला आवडेल.