मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलल्यापासून लॅपटॉपची स्क्रीन काळीच राहते

हिशेबनीस, सांगली
लॅपटॉपचा मदरबोर्ड नुकताच बदलून घेतला आणि तेव्हापासून स्क्रीनवर काहीही दिसत नाही. पंखा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा लागतो, विंडोजही सुरू होत असावे. दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे असे की बोर्ड उत्तम आहे, स्क्रीन गेली आहे आणि ती नवी घालावी लागेल; परंतु बोर्ड बदलण्यापूर्वी स्क्रीनची काहीच तक्रार नव्हती. माझ्याकडच्या व्यापाऱ्यांची जीएसटीआर-३बी विवरणपत्रे २० तारखेच्या आत भरायची आहेत, तेव्हा कृपया थेट उपाय सांगावा.

जुना मिस्त्री
थेट उपाय सांगण्यासाठी आधी थोडी माहिती लागेल. मॉडेल कोणते? एचडीएमआयने टीव्ही जोडला तर त्यावर चित्र येते का? आणि अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला तर पुसटशी अक्षरे दिसतात का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे.

मुक्तस्रोत
पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करा. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या अपडेटनंतर असाच काळोख झाला होता आणि दोष ड्रायव्हरचा निघाला.

जुना मिस्त्री
मुक्तस्रोत, ड्रायव्हरचा दोष असता तर निदान सुरुवातीचे बोधचिन्ह तरी दिसले असते, कारण ते बायोस, म्हणजे बोर्डावरचाच सुरुवातीचा प्रोग्रॅम, दाखवतो आणि त्या वेळी विंडोज आलेलेच नसते. धागाकर्त्यांनी ते दिसते की नाही हेही सांगावे.

हिशेबनीस, सांगली
डेल लॅटिट्यूड ५४१०. बोधचिन्ह दिसत नाही. टीव्हीवर चित्र व्यवस्थित येते. टॉर्च मारल्यावर डेस्कटॉपवरची चिन्हे अगदी फिकट दिसली. आता पुढे काय?

जुना मिस्त्री
लॅपटॉप बंद करून फक्त चार्जर जोडलेला ठेवा आणि डी हे अक्षर दाबून धरून पॉवरचे बटण दाबा. पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे रंग आळीपाळीने यायला हवेत. ही स्क्रीनची स्वतःची चाचणी असून तिचा विंडोजशी संबंध नाही. त्यानंतर पुन्हा बंद करून एम दाबून धरून चालू करा. बोर्डात दोष आढळला तर बॅटरीचा दिवा पिवळसर लागतो.

हिशेबनीस, सांगली
रंग टॉर्चच्या उजेडातच दिसतात, एरवी काळोख. एम दाबून दिवा लागला नाही. म्हणजे बोर्ड चांगला आणि स्क्रीन खराब, असेच ना?

पॅनेल बदला, नाशिक
तसेच. माझ्याकडे हुबेहूब हीच लक्षणे होती. नवे पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा मुख्य भाग, घातले आणि प्रश्न मिटला. उगाच वेळ घालवू नका.

ठाणेकर अभियंता
नाशिककर, तुमच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदललेला नव्हता, हा फरक लहान नाही. पॅनेलला दोन वेगळे वीजपुरवठे लागतात: चित्र घडवणाऱ्या भागाला ३.३ व्होल्ट आणि मागच्या प्रकाशपट्टीला त्याहून बराच जास्त दाब, जो बोर्डावरून एका चिमुकल्या फ्यूजमधून येतो. चित्र फिकट का होईना दिसते, याचा अर्थ पहिला पुरवठा पोहोचतो आहे आणि पॅनेलचा तो भाग जिवंत आहे. दुसरा पुरवठा वाटेत कुठेतरी तुटला असावा. ती वाट बोर्ड, डिस्प्ले केबल आणि पॅनेल अशी तिघांतून जाते, त्यामुळे केवळ पॅनेलवर ठपका ठेवता येत नाही. एमची चाचणी बोर्डावरचा प्रत्येक फ्यूज तपासते असेही समजू नये.

पण मुळात मदरबोर्ड बदलावा का लागला, हे कोणी विचारलेच नाही.

हिशेबनीस, सांगली
टेबलावरचा तांब्या कलंडून की-बोर्डवर पाणी गेले होते. त्यात जुना बोर्ड गेला. त्याचा स्क्रीनशी काय संबंध? नंतरही दोन-तीन तास स्क्रीन चालू होती.

ठाणेकर अभियंता
संबंध थेट आहे. बोर्ड नवा आला, पण केबल जुनीच लावली असणार. कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी लगेच दगा देत नाही. वीज चालू असताना पिनांवर हळूहळू क्षार आणि गंज चढतो आणि शेजारच्या पिना एकमेकींना जोडल्या जातात. ३० पिनांच्या नेहमीच्या मांडणीत पॅनेलच्या बाजूला २६ ते २९ या चार पिनांवर प्रकाशपट्टीचा पुरवठा असतो आणि १८ ते २१ वर तिची जमीन (ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट). तिथे शॉर्ट झाला, किंवा बॅटरी न काढता केबल तिरकी बसवली गेली, तर नव्या बोर्डाचा फ्यूज पहिल्याच वेळी उडतो. अशा केबलवर नवे पॅनेल लावले तरी काळोख तसाच राहील आणि पैसे मात्र जातील.

पॅनेल बदला, नाशिक
प्रकाशपट्टी स्वतःच गेलेली असू शकते. पाणी स्क्रीनच्या खालच्या कडेलाही जाते.

ठाणेकर अभियंता
ती शक्यता मान्य आहे, म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी केबल, मग फ्यूज, शेवटी पॅनेल.

कोथरूडची वाचक
एक वेगळी सूचना करते. बोर्ड बदलला की त्यावरची सुरक्षा-चिपही बदलते, त्यामुळे बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते का ते पाहून ठेवा.

हिशेबनीस, सांगली
ताई, टीव्हीवर विंडोज उघडते आहे, की मागितलेली नाही. धन्यवाद.

बॅटरीची जोडणी काढून केबलचे बोर्डाकडचे टोक पाहिले. एका कोपऱ्यात हिरवट-पांढरा थर आहे. ब्रशने साफ करून परत लावू का?

ठाणेकर अभियंता
परत लावू नका. साफ केल्यावर वरून स्वच्छ दिसेल, पण आतल्या बारीक तारांना लागलेला गंज दिसत नाही आणि पुन्हा शॉर्ट झाला तर बदललेला फ्यूजही उडेल. बोर्डावरचा कनेक्टर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. ५४१० साठीच असलेली केबल घ्या आणि तुमची स्क्रीन टचची आहे की साधी, हे विक्रेत्याला आधी सांगा, कारण दोन्हींच्या केबल वेगळ्या असतात.

जुना मिस्त्री
त्याच दुरुस्ती करणाऱ्याकडे जा आणि केबलचे टोक दाखवा. तुमच्या समोर, वीज पूर्ण काढून, मल्टिमीटरने फ्यूजच्या दोन्ही टोकांमध्ये सातत्य, म्हणजे वीज आरपार जाते का ते, मोजायला सांगा. फ्यूज उडाला असेल तर त्याच क्षमतेचा नवा बसवावा. काही जण तारेचा तुकडा डकवून काम भागवतात, ते होऊ देऊ नका, कारण पुढचा शॉर्ट मग बोर्डच जाळतो. नव्या केबलवर फ्यूज शाबूत असूनही उजेड आला नाही, तरच नाशिककरांचे पॅनेल विकत घ्या. तोपर्यंत विवरणपत्रे टीव्हीवरच भरा. लॅपटॉपची जुनी केबल काढून ठेवलीत तर त्याने बोर्डाला धोका नाही.

हिशेबनीस, सांगली
केबल काढली, टीव्ही जोडला, काम सुरू केले. स्क्रीन टचची नाही. उद्या सकाळी दुकान उघडताच जातो आणि फ्यूजचे मोजमाप इथे लिहितो.