जुनी कॉर्व्हेट घ्यायची आहे: सी४, सी५ की सी६?

धागाकर्ता:
नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो आणि येत्या वसंतात शेव्हर्लेची वापरलेली कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार घेण्याचे नक्की केले आहे. गाडी रोज कामावर न्यायची नाही. शनिवार-रविवारी लांबवर चालवायची आणि हिवाळ्यात गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, एवढाच उपयोग आहे. सी४ (१९८४-९६), सी५ (१९९७-२००४) आणि सी६ (२००५-१३) या तीन पिढ्या आवाक्यात आहेत. किरकोळ दुरुस्ती मी स्वतः करतो, परंतु इंजिन उतरवण्याची माझी तयारी नाही. गिअर हातानेच टाकायचे आहेत. घरून या अटीला अद्याप मंजुरी मिळालेली नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
निःसंकोचपणे सी५ घ्यावी. सी४ची ती केवळ सुधारित आवृत्ती नव्हे. सी५मध्ये गिअरबॉक्स इंजिनापाशी न ठेवता मागच्या चाकांकडे नेला, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ सारखे विभागले गेले आणि पाय ठेवायला ऐसपैस जागा झाली. शिवाय सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब तुळया आतून पाण्याचा दाब देऊन एकसंध घडवल्यामुळे छत काढून ठेवले तरी गाडी खिळखिळी वाटत नाही. ५.७ लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे एलएस१ इंजिन सुरुवातीला ३४५ अश्वशक्तीचे होते, तर २००१ पासून ३५०.

पाहायला जाल तेव्हा बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि टॉर्चच्या प्रकाशात सर्वांत खालच्या पुलीकडे एक मिनिट टक लावून पाहा. आतला गाभा आणि बाहेरचे कडे यांमधले रबर सुटले असेल, तर पुली डुगडुगताना दिसते. ती बदलण्यासाठी स्टिअरिंगचा रॅक हलवावा लागतो, म्हणजे काम किरकोळ राहत नाही. एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा जळत असेल तर सौदा तिथेच थांबवावा, कारण त्याचे नियंत्रक यंत्र कंपनीकडून नवे मिळत नाही. स्टिअरिंग कुलूपबंद करणाऱ्या यंत्रणेसाठी या गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम झाल्याची नोंद विक्रेत्याकडे मागावी. आणखी एक गंमत ठाऊक असू द्या: हळू चालवताना पहिल्या गिअरवरून दुसऱ्यात जाऊ पाहिले, तर दांडा थेट चौथ्याकडे ढकलला जातो. हा बिघाड नाही, इंधन वाचवण्याची युक्ती आहे.

प्रतिसाद २:
सी४ला इतक्या झटपट बाद करू नये. तिचे बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट पुढे कलंडते आणि इंजिनासोबत पुढची चाके व सस्पेन्शनही मोकळे होते, त्यामुळे स्वतः दुरुस्ती करणाऱ्यास याहून सोयीची गाडी मिळणे कठीण. मात्र १९८९ पूर्वीचा चार अधिक तीन गतींचा गिअरबॉक्स (चार हाती गिअर आणि वरच्या तिघांना जोड ओव्हरड्राइव्ह) टाळावा. १९९२ पासूनचे एलटी१ इंजिन ३०० अश्वशक्तीचे आहे, परंतु त्याचा ऑप्टिस्पार्क वितरक (सिलिंडरांना ठिणगी पुरवणारा भाग) पाण्याच्या पंपाखाली बसवलेला असल्याने पंप गळू लागला की तोही निकामी होतो. दाराखालचा उंबरठा इतका रुंद आणि उंच आहे की माझ्या गुडघ्यांनी हल्ली त्याबाबत तक्रार नोंदवली आहे.

प्रतिसाद १:
गुडघ्यांचा मुद्दा मान्य. बजेट थोडे ताणता आले तर २००८ किंवा त्यानंतरची साधी सी६ पाहावी, ६.२ लिटरच्या एलएस३ इंजिनाची ताकद ४३० अश्वशक्ती आहे आणि आतली सजावट सी५पेक्षा बरी आहे. त्याच पिढीची झेड०६ ही अधिक ताकदीची आवृत्ती मोहात पाडेल, परंतु तिच्या सात लिटरच्या इंजिनात व्हॉल्व्हचे गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरळ धरणाऱ्या नळ्या) झिजतात, म्हणून सिलिंडर हेड तपासल्याची कागदपत्रे नसतील तर तिच्या वाटेला जाऊ नये.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. २००३ची एक सी५ शनिवारी पाहणार आहे. एबीएसचा दिवा जळत नसल्याचे विक्रेत्याने फोनवर सांगितले. पुलीविषयी विचारल्यावर मात्र "येऊन पाहा" एवढेच उत्तर मिळाले. टॉर्च घेऊनच जातो.