कोल्हापूरच्या पेठांतले वाडे ‘जळाऊ लाकूड’ म्हणणाऱ्यांसाठी

गंगावेसकर:
काल इथं एकानं लिहिलं, “पेठांतले वाडे म्हणजे जळाऊ लाकूड. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पाडा आणि टॉवर उठवा.” रात्रभर डोक्यातनं जाईना. ८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र मी खासबागेच्या रस्त्यावर उभ्यानं काढलीय. दुसऱ्या दिवशी संगीत नट केशवरावांची जयंती! शाहू महाराजांनी १९१५ मध्ये हे नाट्यगृह, तेव्हाचं पॅलेस थिएटर, उघडलं, तेही कुस्तीच्या मैदानाला लागून. एकीकडं शड्डू, दुसरीकडं नाट्यपद. हे कुठल्या टॉवरात बसवणार? छप्पर गेलं, रंगमंच गेला, पण दगडी भिंती उभ्या राहिल्या.

शुक्रवारपेठी:
नाट्यगृहाला सरकार पैसे देईल. आमच्या वाड्याला कोण देतंय? उतारा अजून आज्ज्याच्या नावावर, वारस अकरा, भाडेकरू महिन्याला ऐंशी रुपये टेकवतो. त्यात कौलं शाकारून दाखवा. २०१९ च्या पुरात मागची मातीची भिंत बसली. आईला अंथरुणासकट उचलून बाहेर काढलं. जपा म्हणणाऱ्यांपैकी एकजण चिखल काढायला आला नाही.

पंचगंगाकाठ:
आणि वारशाच्या कायद्यानं माणसं जातात ते? ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित, म्हणून पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल वर्षानुवर्षं अर्धवट लोंबकळत ठेवला. जानेवारी २०१८ मध्ये मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत गेली. १३ जण गेले. त्यांच्या घरच्यांना सांगा जाऊन वारसा काय असतो ते.

गंगावेसकर:
वाड्याचा विषय पुलावर नेऊ नका. शंभर मीटरची ती बंदी केंद्राच्या कायद्याची, संरक्षित स्मारकांभोवतीची. पेठेतल्या प्रत्येक वाड्याला ती लागत नाही. पुलासाठी कायद्यात वाट आधीच काढायला हवी होती, हे मात्र मान्य. मनाविरुद्ध, पण मान्य.

पंचगंगाकाठ:
“वाट काढायला हवी होती.” तेरा चिता पेटल्यावर एवढंच सुचतं तुम्हाला?

कुंभारगल्ली:
भांडताय कशावर? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्यात शाळकरी पोरालाही पाठ आहे. २००५, २०१९, २०२१, तीनदा गणपतीचे साचे आणि रंगवलेल्या मूर्ती पाण्यात गेल्या. पूररेषेत भराव टाकून इमारती उठवल्या, ओढे बुजवले. पाण्यानं जायचं कुठं? जुन्या लोकांनी जोती उगाच उंच बांधली नव्हती.

शुक्रवारपेठी:
आमचं जोतं तीन फूट दगडी आहे. तरी पाणी आत आलंच. उंच जोत्याचं कौतुक मला सांगू नका.

कुंभारगल्ली:
कारण वरच्या अंगाला भराव पडला, दादा! हेच तर ओरडतोय मी.

गंगावेसकर:
शुक्रवारपेठी, तुमचा राग खरा आहे. चिखल काढायला मीही आलो नव्हतो. घरफाळ्यात सूट नाही, दुरुस्तीला कर्ज नाही आणि मालकाला नुसतं ‘जपा’ म्हणायचं, हा अन्यायच आहे. पण बिल्डरला दिलात तर तुळयाही जातील आणि अकरा वारसांची भांडणं वरच्या मजल्यावर चढतील.

शुक्रवारपेठी:
भांडणाचं खरं आहे. तुळया सागवानी आहेत, कीड नाही. भिंतीचं तेवढं कुणी सांगत नाही. बघतो तो गवंडी म्हणतो, पाडा.

गंगावेसकर:
मातीत काम केलेले एक म्हातारे गवंडी माझ्या ओळखीचे आहेत. रविवारी घेऊन येऊ?

शुक्रवारपेठी:
या. भाषण नको, टेप आणा.