बर्फावरची हॉकी सुटली, आता सिमेंटवर. चाकाचे स्केट आणि स्टिक कोणती घेऊ?

कॅल्गरीतला_परभणीकर
नमस्कार मंडळी. दोन हिवाळे कॅल्गरीत होतो. ऑफिसातल्या पोरांनी रात्री साडेदहाच्या हौशी लीगमध्ये ओढलं आणि पस्तिशीत स्केटिंग शिकलो. आता वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून कायमचा संभाजीनगरला आलोय. इथं बर्फ म्हणजे रसवंतीतला. पण सिडकोत घराजवळच्या बास्केटबॉल कोर्टवर सकाळी सहाला चार-पाच पोरं चाकाचे स्केट घालून हॉकी खेळायलेत, त्यांच्यात घुसायचंय.

सोबत सीसीएम कंपनीचे बर्फाचे स्केट, हेल्मेट, शिनगार्ड आणि एक नवीकोरी कंपोझिट (कार्बनच्या धाग्यांची) स्टिक आहे. निघायच्या आधी हौसेनं घेतली, किंमत घरी सांगितली नाही. परवा बुटावरच पोरांत तासभर खेळलो तर स्टिकच्या ब्लेडची खालची कड खडूसारखी झिजली, आतले धागे दिसायले. पोटात गोळाच आला.

सिमेंटसाठी स्टिक कोणती? बर्फाच्या स्केटलाच चाकं बसतात का, की वेगळे घ्यावे लागतील? जानेवारीत बर्फावर खेळायला लेहला जायचंही डोक्यात आहे. बजेट वीस हजार. (बायकोला दहा सांगितलंय.)

वाळूजचा_फिटर
दादा, ती स्टिक आजच कपाटावर टाका. सिमेंट म्हणजे पॉलिश पेपर. त्याच्यावर कार्बन घासल्यावर दुसरं काय व्हायचं? लाकडी दांडा आणि एबीएस प्लास्टिकचं ब्लेड अशी साधी स्ट्रीट हॉकीची स्टिक घ्या. झिजते तीही, पण जीव जळत नाही. स्केट घालून उभं राहिल्यावर हनुवटीला लागेल एवढी ठेवा, जास्तीची वरून कापा. कापली की ताठ होते हे ध्यानात घेऊन फ्लेक्स (दांडा किती ताठ त्याचा आकडा) निवडा. वजन पौंडात काढून निम्मं करायचं. ७२ किलोचा माणूस म्हणजे १५९ पौंड, त्याला ७५ ते ८० चालतो.

पकही (बर्फावरच्या हॉकीतली चकती) नको. ३ इंच रुंद, १ इंच जाड रबर खडबडीत सिमेंटवर उभं राहतं आणि गाडीचं चाक सुटल्यासारखं पळतं. कमी उसळणारा स्ट्रीट हॉकीचा चेंडू घ्या.

नांदेडची_स्केटवाली
बर्फाच्या स्केटचे रिव्हेट काढून खाली चाकाची फ्रेम मारता येते, पण मग लेहला काय घालणार? तेव्हा वेगळेच घ्या. निम्म्याहून जास्त पैसा तिथंच घाला.

माप बुटाच्या नंबरावर घेऊ नका. हॉकी स्केट बहुधा बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं नुसती टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागं सरकली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर कितीही भारी स्केट असो, परत करा. मी पहिले घेतले ते "जाड मोजे घालू" म्हणून एक नंबर मोठे. दोन्ही घोट्यांना फोड, आणि वळताना पाय आत फिरायचा. ते स्केट मग भाचीला दिले, तिलाही नाही झाले.

चाकं बघून घ्या. हॉलमधली मऊ चाकं सिमेंटवर खोडरबरासारखी झिजतात, बाहेर ८२ए (चाकाच्या कडकपणाचा आकडा) किंवा त्याहून कडक हवीत. काहींना पुढं ७६ आणि मागं ८० मिलिमीटरची चाकं असतात. ते चुकून आलेलं नाही, तसंच असतं.

वाळूजचा_फिटर
ताईंच्या बोलण्यात एक भर. चाकातलं बेअरिंग ६०८ नंबरचं असतं, म्हणजे आतलं भोक ८, बाहेरून २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. दोन्ही पायांना मिळून सोळा. स्केटच्या नावानं महाग घेऊ नका, साध्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं. आपल्याकडची धूळ बघता महिन्याला काढा, पेट्रोलमध्ये धुवा, वाळवा आणि एकेक थेंब मशीनचं तेल सोडा.

कॅल्गरीतला_परभणीकर
वापरलेले स्केट घेऊ का? निम्म्या भावात मिळायलेत.

नांदेडची_स्केटवाली
घ्या, फक्त बूट दुसऱ्याच्या पायाला बसलेला नको. हेल्मेट मात्र वापरलेलं कधीच नको. आतला फोम एकदा दबला की बाहेरून कळत नाही.

वाळूजचा_फिटर
मी तर जुन्याच हेल्मेटवर चार वर्षं खेळायलोय.

नांदेडची_स्केटवाली
भाऊ, पडला नाहीत म्हणून.

उदगीरचा_फौजी
लेहला होतो, म्हणून लिहितो. करझू तळ्यावर नैसर्गिक बर्फ असतो, रात्री पाणी मारून जमवतात. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच मोसम, त्यामुळे जानेवारी ठरवलात ते बरोबर. उंची साडेतीन हजार मीटर, पहिले दोन दिवस स्केट पिशवीतच ठेवा. आपला गडी जिना चढतानाच बसतो तिथं.

आणि बर्फाच्या स्केटची धार गावाकडच्या चाकू-कात्रीवाल्याकडून चुकूनही लावू नका. पात्याच्या मधोमध खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कडा. तो माणूस प्रेमानं सगळं सपाट करून देतो. माझे करून दिले होते, वर पैसेही घेतले नाहीत. बर्फावर पाय ठेवला तो थेट समोरच्या बर्फाच्या ढिगात.

कॅल्गरीतला_परभणीकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. स्केट नवेच घेतले. बुटाचा नंबर नऊ, स्केट साडेसात, पहिल्या दिवशी पाय शिरेना. आता बसायलेत. लाकडी स्टिकही आली, वजनाला कुऱ्हाड आहे, पण चेंडू ऐकतो.

एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. बर्फावर आडवं होऊन खर्रकन थांबायची सवय, इथं तसं केलं आणि चाकं जागेवर रुतली. मी मात्र पुढं गेलो, गुडघ्यावर. दोघं बापलेक आता एकच मलम वापरायलोत. पोरांनी मागचा पाय आडवा ओढत थांबायला शिकवलंय, बारा वर्षांचा मुलगा रोज ओरडतो, "काका, मागचा पाय!"

बायकोनं बिल बघितलं. त्याच्यावर सल्ला असेल तर द्या.