रघुजींची तलवार: परत मिळवली की विकत घेतली?

महालवासी:
आपल्या नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहाच्या लिलावात निघाली. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली, ४७ लाख १५ हजार रुपये मोजले आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोचली. आनंद मलाही झाला. सरळ एकधारी युरोपीय पातं, त्यावर सोन्याची नक्षी आणि देवनागरीत रघुजींचं, म्हणजे ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी असलेल्यांचं, नाव. पण याला कृपा करून ‘परत मिळवली’ म्हणू नका.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई आपण हरलो आणि ईस्ट इंडिया कंपनीने भोसल्यांचा खजिना लुटला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. मग जवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं. हत्ती, घोडे, बैल इथंच सीताबर्डीत लिलावात काढले. भोसल्यांच्या म्हाताऱ्या राणी बांकाबाई विरोध करत राहिल्या, कोणी ऐकलं नाही. आता ज्याच्या घरी चोरी झाली त्यानेच चोरबाजारात पैसे मोजून माल सोडवायचा आणि वर ढोल-ताशे वाजवायचे? त्याच सदबीजचा हाँगकाँगमधला पिप्रहवा रत्नांचा लिलाव मे २०२५ मध्ये केंद्राच्या एका कायदेशीर नोटिशीने थांबला होता. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाच्या स्तूपात बुद्धांच्या अस्थींसोबत निघालेली ती रत्नं. मग तलवारीसाठी आधी नोटीस का नाही पाठवली?

सिव्हिल_लाइन्सचा_वकील:
पिप्रहवाची अर्धीच गोष्ट सांगितलीत. लिलाव थांबला, बरोबर. पण जुलैअखेर रत्नं भारतात आली ती गोदरेज समूहाने ती विकत घेतली म्हणून. नोटिशीने वेळ मिळाला, वस्तू पैशानेच आली.

कायद्याचं बोलायचं तर सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे आणि तो मागच्या काळाला लागू होत नाही. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा. १८१७ ची लूट या दोन्हींच्या कक्षेत बसत नाही. शिवाय ही तलवार लुटीत गेली की कुणा साहेबाला भेट दिली गेली, जाणकार दोन्ही शक्यता सांगतात. पत्तूरचा नटराज लंडनच्या कोर्टातून १९९१ मध्ये परत आला, कारण तामिळनाडूत तो १९७६ मध्ये जमिनीतून निघाला होता आणि हीच ती मूर्ती हे पुराव्याने सिद्ध झालं. इथं तुम्ही कोर्टात काय ठेवणार? सात्त्विक संताप?

बर्डीवाला:
काय बोलून राहिले महालवासी काका! नोटीस-नोटीस करत बसले असते त कोण्या शेठच्या दिवाणखान्यात टांगली असती ते तलवार. मंग पुढचे शंभर वर्षं फोटो पाहत बसा. ४७ लाखात आपल्या इथं धड एक चौक नाई होत बाप्पा, अन् तो बी पुढच्या पावसाळ्यात उखडते.
माझा राग दुसरा हाय. तलवार नागपूरच्या राजाची, अन् पयलं प्रदर्शन मुंबईले! काऊन?

महालवासी:
बर्डीवाले भाऊ, मुंबईबद्दल शंभर टक्के सहमत. वकीलसाहेब, तुमचा कायदा ज्यांनी नेलं त्यांच्याच सोयीचा आहे आणि तुम्ही तो आम्हाला असा ऐकवताय जणू वेदवाक्य. आपल्या सरकारांनाही हिंमत नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात केंद्राचे सॉलिसिटर जनरल काय म्हणाले आठवतं? कोहिनूर चोरीला गेला नाही आणि जबरदस्तीनेही नेला नाही. पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाने काय राजीखुशीने दिला होता?

कलकत्ता_रिटर्न:
नोकरीनिमित्त बरीच वर्षं बंगालमध्ये काढली, म्हणून हे लिहितो. तिथं आजही लहान मुलांच्या अंगाईत ‘बर्गी’ येतात. ते बर्गी म्हणजे याच रघुजींची फौज. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं रघुजींचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर आणि नंतर स्वतः रघुजी बंगालवर चालून जात होते. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावून दग्याने मारलं, हे आपण शाळेपासून सांगतो. गावं जळली ते सांगत नाही. शेवटी १७५१ च्या तहात ओडिशा भोसल्यांकडे आला आणि वर वर्षाला १२ लाखांची चौथाई. कंपनीने नागपूरचा खजिना लुटला हे खरंच, पण त्या खजिन्यात मुर्शिदाबादचं, कटकचं काय काय होतं? उद्या ओडिशावाल्यांनी नोटीस पाठवली तर?

महालवासी:
चौथाई तहाने ठरलेली होती. राज्यं तशीच चालत.

कलकत्ता_रिटर्न:
मग डलहौसीही तेच म्हणेल ना! त्याच्याकडे तर आपल्यापेक्षा जास्त कागद होते.

बर्डीवाला:
हे जमलं नाई दादा. भोसले इथंच राहले, इथंच मेले. माल जहाजात भरून साता समुद्रापार नाई नेला त्यायनं.

अजबबंगला_प्रेमी:
मी इतिहास शिकवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये वाघनखं आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात आली, तेव्हा वर्ग घेऊन गेले होते. ती तर विकतही घेतलेली नाहीत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या बोलीवर उसनी आणलेली. त्या संग्रहालयाला वस्तू कायमची देऊन टाकायला ब्रिटनचा १९८३ चा कायदाच आड येतो. शिवाय अफजलखानाच्या वेळी महाराजांच्या हातात होती ती हीच, हे सांगता येत नाही, असं ते स्वतःच म्हणतात. इंग्रज अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याला असताना त्याला मिळाली, एवढाच काय तो धागा. मुलांनी नेमकं तेच विचारलं, बाई, ही खरी आहेत का? मी जे ठाऊक होतं ते सांगितलं. काही पालक रागावले.
म्हणून म्हणते, तलवारीखाली पाटी लावताना ‘पराक्रमाचं प्रतीक’ एवढ्यावर भागवू नका. ती इथून कशी गेली असावी, कितीला आली, सगळं लिहा. बंगालही लिहा.

महालवासी:
ताई, पाटीचं मान्य. बंगालचंही मान्य, जरा कुरकुरत. पण वकीलसाहेबांचा ‘पुरावा कुठे’ हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. सीताबर्डीची लढाई ज्यात झाली त्या दख्खनच्या युद्धातली लूट कोणाच्या फौजेला किती मिळावी यावर इंग्रज सेनापतीच पुढे वर्षानुवर्षं भांडत राहिले. म्हणजे लुटीचे कागद त्यांच्याच दप्तरात असणार. नागपूर रेसिडेन्सीच्या, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलातीच्या, कागदांचे खंड तर छापलेले आहेत. राज्याने चार अभ्यासक बसवावेत, १८१७ आणि १८५४ मध्ये इथून काय काय गेलं याची यादी करावी आणि ती लंडनच्या प्रत्येक लिलाववाल्याच्या टेबलावर ठेवावी.

सिव्हिल_लाइन्सचा_वकील:
यादी कराच, मी फुकट मसुदा तपासून देतो. पण ‘जवाहीर, एक पेटी’ अशा नोंदीवरून कोर्ट काही देत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि यादी होईपर्यंत दुसरं काही लिलावात आलं तर?

बर्डीवाला:
त घ्या ना विकत! विचारून काय राहिले?

महालवासी:
नाही. आधी नोटीस, मग पैसे.

बर्डीवाला:
काका, हातोडा पडाले दोन मिनिटं लागते.