टेक द हाय रोड : ग्लेनडॅरॉखच्या आठवणी लिहा

गेल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन स्कॉटलंडमधल्या लॉख लोमंड तळ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरच्या मावशींनी एकदम विचारलं, "अगं, ती मालिका इथेच व्हायची ना?" त्या ८० च्या दशकात चार वर्षं लॅनर्कशरमध्ये राहिल्या होत्या. मग ग्लासगो येईपर्यंत गाडीत दुसरा विषय नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'टेक द हाय रोड' ही एसटीव्हीची, म्हणजे स्कॉटिश टेलिव्हिजनची मालिका. १९ फेब्रुवारी १९८० ला सुरू झाली आणि २७ एप्रिल २००३ ला संपली. नव्वदच्या दशकात नाव नुसतं 'हाय रोड' झालं. गाव काल्पनिक, ग्लेनडॅरॉख. चित्रीकरण मात्र लॉख लोमंडच्या पश्चिम काठावरच्या लस या खऱ्याखुऱ्या गावात. नाव आलं त्या जुन्या लोकगीतावरून, ज्यात एक जण वरच्या वाटेने स्कॉटलंडला पोचतो आणि दुसरा खालच्या. खालची वाट मेलेल्यांची, असं इथली म्हातारी माणसं सांगतात.

स्कॉटलंडमध्ये राहिलेले बरेच मराठी लोक इथे आहेत. तुम्ही ती कुठे पाहिलीत, कुणाबरोबर, काय लक्षात राहिलं, ते लिहा. अगदी दोन ओळी असल्या तरी चालतील.

पेस्लीची काकू

धागा काढलास ते फार बरं केलंस. मी १९८२ साली लग्न होऊन पेस्लीला आले. हे हॉस्पिटलमध्ये, आठवड्यातल्या तीन रात्री ड्युटीवर. माझं इंग्रजी शाळेत पहिल्या नंबरचं होतं, पण पहिल्या दिवशी दुकानात बाई काय म्हणाली ते एक अक्षर कळलं नाही. घरी येऊन रडले.

शेजारी एक विधवा बाई राहायच्या, सत्तरीच्या. एका संध्याकाळी दार वाजवून म्हणाल्या, एकटी बसतेस, ये माझ्याकडे टीव्ही बघायला. तेव्हापासून मालिकेच्या दिवशी मी त्यांच्याकडे जायचे. त्यांच्या हातात विणकाम, पायाशी विजेची शेगडी, तिच्या दोन कांड्यांपैकी एकच पेटवलेली. दुसरी मी आले की पेटवायच्या. मला ते कळायला दोन हिवाळे लागले.

मिसेस मॅक पडद्यावर आली की त्यांच्या सुया थांबायच्या. गावातली प्रत्येक बातमी त्या मॅकबाईला आधी ठाऊक, चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आणि जिभेला धार अशी की समोरचा गप्पच. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या काकू अगदी अश्शाच होत्या. मी शेजारीणबाईंना तसं सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की टाका सुटला. मग म्हणाल्या, प्रत्येक गावात एक असतेच, आणि ती आजारी पडली की सगळं गाव सूप घेऊन जातं.

जाहिराती लागल्या की मी न कळलेले शब्द विचारायचे. 'ड्रीख' म्हणजे काय? त्यांनी पडदा बाजूला करून खिडकीबाहेर बोट दाखवलं. चार दिवस झिमझिम, वर करडं आभाळ, दिवे दुपारी तीनला लागलेले. तो शब्द मी परत कधी विसरले नाही. त्यांना कौतुक कशाचं, तर मी 'लॉख' नीट म्हणते याचं. इंग्लंडची माणसं 'लॉक' म्हणतात, त्यांच्या घशातून तो ख निघतच नाही. आपल्याला काय, बाराखडीच पाठ!

त्या टॅब्लेट करून ठेवायच्या. साखर, लोणी, दुधाची ती रवाळ वडी. मी नारळाच्या वड्या न्यायचे. दोन्ही एकाच बशीत.

दाभोळखाडी

काकू, छान लिहिलंत. मी इंजिनियर म्हणून ग्रीनकला होतो, १९८६ ते ८९. मालिका आमच्या घरमालकांमुळे बघायला लागलो.

मला ती पहिल्या आठवड्यातच कळली, कारण मी कोकणातला. ग्लेनडॅरॉखची जमीन सगळी एका इस्टेटीची. मालकीण एलिझाबेथ कनिंगहॅम मोठ्या घरात राहते, बाकीचे तिची कुळं. मधे तो फॅक्टर, म्हणजे इस्टेटीचा कारभारी. भाडं त्याच्या हातात, दुरुस्ती त्याच्या हातात, कुणाला काढायचं तेही त्याच्याच हातात. डेव्ही स्नेडन नावाचा फॅक्टर आला तेव्हा घरमालक खुर्चीतून टीव्हीला शिव्या घालायचे. माझ्या आजोबांनी खोताच्या कारभाऱ्याबद्दल जे शब्द वापरले असते तेच, फक्त स्कॉट्समध्ये.

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे १९४८ चा कूळकायदा आला, पुढच्या वर्षी खोती गेली. त्यांनी मला १८८६ चा क्रॉफ्टरांचा कायदा सांगितला, वायव्येकडच्या बेटांवर आणि डोंगराळ भागात कुळांना जमिनीवर टिकून राहायचा हक्क मिळाला तो. त्यांची आजी स्काय बेटावरची. त्या रात्री आम्ही मालिका संपल्यावर बारापर्यंत बोलत बसलो. एरवी ते 'गुड नाइट'च्या पलीकडे बोलायचे नाहीत.

आणि ते इन्व्हरडॅरॉख! माणसाचं नाव टॉम कर, पण सगळं गाव त्याला त्याच्या शेताच्या नावानेच हाक मारतं. आमच्याकडे माझ्या वडिलांना कुणी आडनावाने ओळखत नाही, 'वरच्या आगरातला' म्हणतात. जॉन स्टाल ही भूमिका करायचे. दांडगा माणूस, आवाज खोल, पण बोलायचा थोडंच. २०२२ साली ते वारले तेव्हा मला बातमी लेकीने पाठवली. तिला कळलं होतं की मला पाठवायला हवी.

लेस्टरकर

आमचा अनुभव जरा वेगळा. मी इंग्लंडमध्ये, थोरली बहीण ईस्ट किलब्राइडला. तिच्याकडे मालिका संध्याकाळी, सगळं घर एकत्र बसलेलं असताना. आमच्याकडे भर दुपारी, म्हणजे फक्त घरी असणाऱ्या बायकांसाठी आणि निवृत्तांसाठी. मी बाळंतपणाच्या रजेवर होते म्हणून लागलं ते वेड.

१९९३ मध्ये आयटीव्हीने, म्हणजे ब्रिटनच्या खासगी वाहिनीने, ती देशभर एकाच वेळी दाखवणं बंद केलं. तेव्हा लोक इतके चिडले! पत्रं गेली, तक्रारी गेल्या. मीसुद्धा एक पत्र लिहिलं, आयुष्यात टीव्हीवाल्यांना लिहिलेलं एकुलतं एक. मग आयटीव्हीच्या कितीतरी प्रादेशिक वाहिन्यांनी ती आपापली चालू ठेवली, पण प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. आम्ही स्कॉटलंडच्या मागे राहायला लागलो. ताई शनिवारी फोन करायची, स्वस्त दर असायचा म्हणून. पहिलं वाक्य माझं ठरलेलं, "ग्लेनडॅरॉखचं काही बोलू नकोस." ती गप्प राहायची, पण तिच्या श्वासावरून मला कळायचं की काहीतरी मोठं झालंय.

ताई आता नाही. मालिका संपली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेली. तिच्या घरी एका पेटीत तिने टेप केलेल्या कॅसेट निघाल्या, प्रत्येकीवर मराठीत तारीख आणि 'चिमीसाठी' असं लिहिलेलं. आमच्याकडचे जे भाग दाखवायचे राहिले होते तेवढेच. मी विचारलं नव्हतं, तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

अभ्यंकर_ज्यु

लेस्टरकर, वाचून थांबलो जरा.

एक छोटीशी भर. अभिनेता अ‍ॅलन कमिंग पुढे एवढा नावाजला, त्याने सुरुवातीच्या काळात या मालिकेत लाकूडतोड्याचं काम केलं होतं. आमच्या ऑफिसात हे प्रत्येक स्कॉटिश माणूस अभिमानाने सांगतो.

अर्धी_सांगली

मी स्कॉटलंडमधल्या एअर गावचीच, जन्मापासून. आमच्या घरात मालिकेची खरी प्रेक्षक आजी होती, जी १९९१ च्या उन्हाळ्यात सांगलीहून सहा महिने राहायला आली. तिला इंग्रजी अजिबात येत नव्हतं. आई कामावर, बाबा कामावर, मी आठ वर्षांची.

आजी मांडीवर परातीत मटार घेऊन बसायची. सोलत सोलत बघायची आणि मला गोष्ट सांगायची, उलट दिशेने. म्हणजे इंग्रजी मला कळायचं, पण गोष्ट तिला कळायची. "ही दुकानवाली इझाबेल बघ, नवऱ्यावर रागावलेय, पण गिऱ्हाइकासमोर दाखवत नाहीये." "तो डूगल चांगला आहे, पण आईचा पदर सोडत नाही." मी ऐकलेल्या संवादाशी ताडून बघायचे, बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मॅकबाई आणि मर्डॉक यांना ती 'ते दोघे देवळातले' म्हणायची.

बाहेर रात्री दहापर्यंत उजेड, आणि आजी दिवेलागणीची वाट बघत बसलेली. शेवटी तिने ठरवून टाकलं की मालिकेचं संगीत वाजलं की दिवा लावायचा. देवापुढे निरांजन, शुभं करोति, आणि मग ग्लेनडॅरॉख.

ती परत गेल्यावर तिच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असायची : मॅकबाईंचं कसं चाललंय? बाबा खरोखर उत्तर लिहायचे. अर्धं पान. त्यासाठी त्यांना बघावी लागायची, आणि बघता बघता तेही अडकले. ती भूमिका करणाऱ्या ग्विनेथ गथ्री २०२१ मध्ये गेल्या. बाबांनी त्या संध्याकाळी आजीच्या फोटोपुढे निरांजन जरा लवकरच लावलं. बोलले काही नाहीत.

जाता जाता, एसटीव्हीचीच 'माखर' नावाची गेलिक मालिका कुणाला आठवते का? १९९३ पासून पाचेक वर्षं चालली, लूइस बेटावरची. छोट्या भाषेत रोजच्या भांडणाची, प्रेमाची मालिका होऊ शकते हे बघून बाबा फार खूश व्हायचे.

तळजाई

मी शेवट पाहिलेल्यांपैकी. २००२-०३ मध्ये ग्लासगोत एमएससी केलं. त्याच सप्टेंबरात बीबीसीची 'रिव्हर सिटी' सुरू झाली होती, ग्लासगोच्या वस्तीतली, आणि वर्गातली मुलं तीच बघायची. मला हाय रोडचं काहीच माहीत नव्हतं. २७ एप्रिलला रविवार होता. मी तळमजल्यावरच्या आजोबांना त्यांची औषधं द्यायला गेलो, त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. शेवटचा भाग चालू होता. मला एकही पात्र ओळखीचं नव्हतं. संपल्यावर त्यांनी टीव्ही लगेच बंद केला नाही, नावं सगळी वर सरकू दिली, मग म्हणाले, "तेवीस वर्षं." बायको गेल्यावरही तिच्या खुर्चीकडे तोंड करून नव्हे, तर तिची खुर्ची शेजारी ओढून बघायचे ते. ती त्या दिवशीही तिथेच होती.

दुसऱ्या शनिवारी मी एकटाच बसने लसला गेलो. दगडी बैठी घरं, छपरांना काळी पाटी, दारांवर गुलाब. धक्क्यावर उभं राहिलं की समोर बेन लोमंडचा डोंगर. चर्च १८७५ चं. दोन वर्षं आधी सर जेम्स कोलहून तळ्यात बुडून गेले, त्यांच्या मुलाने ते बांधलं. आवारात व्हायकिंग काळातला एक थडग्याचा दगड आहे, डुकराच्या पाठीसारखा वाकलेला. त्याच्यावर शेवाळ होतं आणि कुणीतरी एक डॅफोडिल ठेवलं होतं. आजोबांसाठी मी धक्क्यावरचा एक चपटा खडा आणला. त्यांनी तो टीव्हीवर ठेवला.

अर्धी_सांगली

काकू, टॅब्लेटची कृती द्याल का? बाबांना करून द्यायचीय. माझी दर वेळी टॉफी होते.

पेस्लीची काकू

देते की. किलोभर साखर, पाव लिटर दूध, सव्वाशे ग्रॅम लोणी, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा. जाड बुडाचं पातेलं घे. साखर पूर्ण विरघळल्याशिवाय उकळी आणू नकोस, तिथेच तुझी चूक होत असणार. गार पाण्यात थेंब टाकून मऊ गोळी झाली की उतरव, आणि मग हात दुखेस्तोवर घोट. चमक जाऊन रवाळ दिसायला लागलं की लगेच ताटात ओत, थांबलीस तर पातेल्यातच बसेल. बाबांना मधुमेह नाही ना?